मातीतला मल्ल, गादीवरची गदा

२३ डिसेंबर २०१८, रविवार. जालन्याच्या आझाद मैदानावर महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती लागली तेव्हा एका बाजूला पुण्याचा अभिजीत कटके होता आणि दुसऱ्या बाजूला बुलडाण्याकडून उतरलेला बाला रफिक शेख. कटके आदल्या वर्षीचा विजेता. भूगावला साताऱ्याच्या किरण भगतला हरवून त्याने २०१७ ची गदा नेली होती आणि सलग दुसऱ्यांदा ती खांद्यावर घ्यायची या जिद्दीने तो जालन्यात आला होता. बाला रफिकच्या नावावर अशी एकही गदा नव्हती. कटके गादी विभाग मारून आलेला, बाला माती विभाग मारून आलेला, आणि शेवटची लढत ठरल्याप्रमाणे गादीवर.

महाराष्ट्र केसरीची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना या शेवटच्या ओळीचं वजन कळेल. स्पर्धेत खुल्या गटाचे, म्हणजे ८६ ते १२५ किलोंचे मल्ल दोन वाटांनी पुढे सरकतात. एक वाट लाल मातीच्या हौद्यातून जाते, दुसरी गादीवरून, म्हणजे मॅटवरून. दोन्हीकडचा एकेक विजेता उरला की त्या दोघांची गाठ पडते आणि जो जिंकेल तो महाराष्ट्र केसरी. मातीतून आलेल्याला त्या संध्याकाळी परक्या जमिनीवर पाय रोवावे लागतात, आणि समोरचा तर कित्येक वर्षं त्याच जमिनीवर घाम गाळत आलेला असतो. माती मोठी की गादी, हा वाद महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालमीच्या कट्ट्यावर आजवर झडलेला आहे. जालन्याला त्या वादाचा एक निकाल लागला. तो का महत्त्वाचा, हे कळायला मात्र थोडं मागे जायला हवं.

आधी माती. आखाड्यातली माती म्हणजे शेतातून आणून टाकलेला ढिगारा नव्हे. तांबडी माती चाळणीने चाळून घ्यायची, खडा-काटा उरू द्यायचा नाही. मग तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर मुरवायचा. हळद आणि कापूर जखम चिघळू देत नाहीत, तेल आणि ताक मातीला मऊपणा देतात. रोज पहाटे जोर-बैठका सुरू होण्याआधी पोरांनी फावड्याने हौदा उकरायचा. ते उकरणं हाच पहिला व्यायाम, आणि त्यात कुचराई करणाऱ्याला वस्ताद लढतीला हात लावू देत नाही. मातीत घाम आला की एकमेकांच्या पाठीवर माती चोळतात, म्हणजे पकड सुटत नाही. मातीतली कुस्ती लांबते, दमाला भिडते. खडाखडी चालते, हाताची बोटं बोटांत अडकतात, मान दाबली जाते, आणि बराच वेळ काहीच घडत नाहीसं वाटत असताना एकदम कुणीतरी पाय धरून पट काढतो, नाहीतर ढाक मारतो आणि समोरच्याची पाठ जमिनीला टेकते. जुन्या मैदानांत गुण नव्हते. चितपट झाली तरच कुस्ती निकाली, नाहीतर बरोबरीत सुटली. घटकान् घटका चाललेल्या कुस्त्यांच्या आठवणी म्हातारे पैलवान अजून सांगतात.

गादीला एवढा वेळ नाही. तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. समोरच्याला खाली घेतलं तर दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकललं तर एक, अंगावर घेऊन उलटा टाकला तर चार. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळात जो नुसता खडाखडी करत राहील त्याला पंच ताकीद देतात. फरक दहा गुणांचा झाला की पाठ टेको न टेको, कुस्ती संपते. ऑलिंपिकला, आशियाई स्पर्धांना, राष्ट्रकुलला, जगज्जेतेपदाला हेच नियम. गादीवर माती चोळायला मिळत नाही, घामाने अंग निसटतं, पाय मात्र मातीपेक्षा लवकर उचलले जातात. म्हणून तिथे चपळाईला भाव आणि मातीतल्या मल्लाला सुरुवातीला गुदमरल्यासारखं होतं.

हे गुदमरणं महाराष्ट्राने पहिल्यांदा जगाच्या मैदानात अनुभवलं ते १९४८ साली लंडनला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तिथे ऑलिंपिकला गेले. पाठीशी कोल्हापूरच्या महाराजांची मदत होती. तोवरचं त्यांचं सारं आयुष्य मातीत गेलेलं. लंडनला त्यांना गादी मिळाली आणि अनोळखी नियम मिळाले. तरी फ्लायवेट गटात ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, गावागावांतून वर्गणी झाली, आणि २३ जुलै १९५२ ला खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथेही एका थकवणाऱ्या लढतीनंतर नियमाने मिळायची विश्रांती न देता त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला उभं केलं गेलं, आणि त्यांच्या बाजूने भांडायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी जागेवर नव्हता. मला ही गोष्ट प्रत्येक वेळी बोचते. सोनं कदाचित आलं नसतंही, पण अर्ध्या तासाच्या हक्काच्या श्वासासाठी बोलणारं कुणी असायला हवं होतं. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ साली अपघाती मृत्यू झाल्यावर कितीतरी वर्षांनी.

हेलसिंकीच्या पुढच्याच वर्षी, १९५३ साली, मामासाहेब मोहोळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली. संस्थानं संपली होती. शाहू महाराजांनी १९१२ साली कोल्हापुरात खासबागेचं मैदान बांधलं, तालमींना इनामं दिली, पंजाब आणि उत्तरेतले मल्ल आणून ठेवले. पण असा खुराक देणारा हात आता राहिला नव्हता. राजाश्रय गेल्यावर पैलवानाला सांभाळायचं कुणी, हा प्रश्न परिषदेपुढे होता, आणि तिने शोधलेलं उत्तर म्हणजे वर्षातून एकदा साऱ्या राज्याने एका मैदानात जमायचं आणि एकाच्या डोक्यावर फेटा बांधायचा.

या जागी मराठवाड्याच्या वाचकाने थोडं थांबावं. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. राज्याच्या नावाचा हा किताब १९६१ साली पहिल्यांदा दिला गेला तेव्हा मैदान कोल्हापूरचं नव्हतं, पुण्याचंही नव्हतं. ते औरंगाबादचं होतं आणि विजेते होते दिनकर दह्यारी. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातून सुटून तेव्हा तेराच वर्षं झाली होती. आधी हैदराबाद राज्य, मग १९५६ साली द्विभाषिक मुंबई, मग महाराष्ट्र, अशी तीन घरं या मुलखाने बारा वर्षांत बदलली होती. नव्या राज्याने आपला पहिला केसरी याच मुलखात निवडला, यामागे कुणाचा किती विचार होता हे राहू द्या. पण त्यामुळे घडलं ते खरं. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातलाच एक तालुका होता. म्हणजे पहिला किताब, एका अर्थाने, जालन्याच्याच जिल्ह्यात जिंकला गेला. पुढे १९६९ ची स्पर्धा लातूरला झाली आणि लातूरच्याच मातीतल्या हरिश्चंद्र बिराजदारांनी ती जिंकली. दुसऱ्या वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून ते सुवर्णपदक घेऊन आले. १९८२ ला बीड, २००१ ला नांदेड. मराठवाड्याला कुस्तीच्या नकाशावर कोपऱ्यात ढकलणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

पण यादीतलं खरं नवल जालन्याचं आहे.

जालना १९८१ साली स्वतंत्र जिल्हा झाला. कुंडलिकेच्या काठचं हे जुनं व्यापारी गाव. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण बाजारपेठेतल्या माणसाच्या तोंडी सहज येते, आणि ती उगाच नाही. इथे कापूस विकला गेला, मोसंबी विकली गेली, संकरित बियाण्यांचा धंदा इथूनच देशभर पसरला, आणि औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांमधून निघालेल्या सळया आज अर्ध्या महाराष्ट्राच्या घरांच्या स्लॅबमध्ये आहेत. व्यापाऱ्याच्या या गावात बाहेरून आलेला माणूस नवा वाटत नाही. तेलुगू, हिंदी, उर्दू, मारवाडी, मराठी एका गल्लीत ऐकू येतात. जिल्ह्याच्या दक्षिणेला घनसावंगी तालुक्यात जांब आहे, समर्थ रामदासांचं जन्मगाव. बलोपासना सांगणारे आणि गावोगाव मारुती बसवणारे समर्थ १६०८ साली या मातीत जन्मले. महाराष्ट्रातली एकही तालीम मारुतीच्या तसबिरीवाचून नसते. तेव्हा जालन्याचा आणि आखाड्याचा संबंध एखाद्या स्पर्धेपुरता नाही, तो साडेतीनशे वर्षांपेक्षा जुना आहे, असं मी मानतो. जांबच्या वाटेवरच्या गावांतून अजून जत्रेला कुस्त्या लागतात. नारळावरची पहिली कुस्ती चिल्ल्यापिल्ल्यांची असते. मग दहाची, पन्नासची, शंभराची, करत करत मानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत बोली चढते, हलगी कडाडते आणि सगळं गाव गोल करून बसतं.

अशा जालन्यात महाराष्ट्र केसरी आली २००२ साली आणि गदा घेऊन गेले मुन्नालाल शेख. सोलापूरजवळच्या बोरामणीचे. त्यांच्या घरात ही पहिली गदा नव्हती. थोरले भाऊ इस्माईल शेख यांनी १९८० साली खोपोलीला किताब घेतला होता, आप्पालाल शेख यांनी १९९२ साली पुण्यात. आणि दहा वर्षांनी धाकट्याने जालन्यात. एका घरात तीन महाराष्ट्र केसरी! एकाने जिंकणं ही मेहनत झाली. पण तिघांना खाऊ-पिऊ घालून, तिघांना पहाटे उठवून, बावीस वर्षं घराचा सगळा बेत आखाड्याभोवती बांधणं हा आईबापांचा पराक्रम. पैलवानाचा खुराक म्हणजे बदाम, तूप, लिटरांनी दूध. कोरडवाहू सोलापुरात हे तीन-तीन पोरांसाठी रोज पुरवणं काय असतं, ते ज्याच्या घरात एक पैलवान आहे त्यालाच विचारावं.

मग सोळा वर्षांनी स्पर्धा जालन्यात पुन्हा आली.

२०१८ हे साल मराठवाड्याला बरं नव्हतं. पावसाने दगा दिला होता. ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले आणि जालना जिल्ह्यातले बहुतेक तालुके त्यात होते. विहिरी कोरड्या, चाऱ्याची चिंता, आणि अशात राज्यभरचे मल्ल जालन्याला येणार. तेव्हाचे राज्यमंत्री अर्जुन खोतकर यांनी यजमानपद अंगावर घेतलं. दुष्काळात एवढा थाट कशाला, असं म्हणणारे तेव्हाही असणार आणि त्यांचं म्हणणं टाकाऊ नाही. माझं मत वेगळं आहे. कुस्ती हा शेतकऱ्याच्या पोराचा खेळ. ज्या साली शेत काही देत नाही त्या साली निदान मैदानाने काही द्यावं. आणि जालन्याने ते उचललं. डिसेंबरातल्या त्या पाच दिवसांत या शहराने राज्याच्या पैलवानांना दुष्काळाची झळ जाणवू दिली नाही, एवढं यजमान म्हणून त्याला श्रेय द्यायला हवं.

आता बाला रफिककडे येऊ. करमाळा तालुक्यातलं खडकी हे त्याचं गाव, जिल्हा सोलापूर. वडील आझम शेख हेही पैलवान, त्यामुळे लंगोट घरातच होता. पोरगा कोल्हापूरला गेला आणि न्यू मोतीबाग तालमीत हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली वाढला.

आंदळकरांबद्दल सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही, कारण माती आणि गादीमधला पूल महाराष्ट्रात ज्या काही थोड्या माणसांनी स्वतःच्या अंगाने बांधला त्यांत ते पहिल्या रांगेत होते. मूळचे शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. १९६० साली ते हिंदकेसरी झाले, मातीत. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेला गेले आणि तिथे, ज्या ग्रीको-रोमन प्रकारात कमरेच्या खाली हातसुद्धा लावता येत नाही, त्या प्रकारात हेवीवेटचं सुवर्णपदक घेतलं आणि फ्रीस्टाइलचं रौप्य. पट काढण्यावर वाढलेल्या मल्लाने पायाला हात न लावता आशिया जिंकायचा, यात काय आलं ते कुस्ती कळणाऱ्याला सांगायला नको. त्याच जकार्तात कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य घेतलं. सांगली जिल्ह्यातल्या या दोघांनी एका स्पर्धेत, दोन वेगवेगळ्या कुस्त्यांत चार पदकं आणली. खाशाबांना लंडनला जी गादी परकी वाटली, ती चौदा वर्षांत मराठी मल्लांनी आपली करून दाखवली होती. १९६४ ला आंदळकर टोकियो ऑलिंपिकलाही गेले. मग सारं आयुष्य त्यांनी तालमीत घालवलं, पोरं घडवली. ‘आबा’ म्हणून कोल्हापूर त्यांना हाक मारी. ते गेले १६ सप्टेंबर २०१८ ला. जालन्याची स्पर्धा तीन महिन्यांवर होती.

पुढच्या सरावासाठी बाला पुण्यात आला होता, पण त्याच्या कुस्तीचा पाया मोतीबागेतला. आणि तो उतरला बुलडाण्याकडून. प्रत्येक जिल्ह्याला खुल्या गटात मातीचा एक आणि गादीचा एक मल्ल पाठवता येतो. जिथे दांडगे पैलवान गर्दीने आहेत तिथल्या एखाद्याला मग दुसऱ्या जिल्ह्याची वाट धरावी लागते, आणि तो जिल्हाही त्याला आनंदाने आपला म्हणतो. बुलडाणा म्हणजे जालन्याचा शेजार. जिजाऊंचं सिंदखेडराजा जालन्याहून तासाभराच्या आत. तेव्हा मैदानात बालाला परकं म्हणायला जागा नव्हती.

समोर कटके होता, शिवरामदादा तालमीत घडलेला, उंचपुरा, गादीवर सफाईने फिरणारा, वयाने कोवळा आणि किताबधारक. गादीवर गादीचा विजेता आणि शिवाय गतविजेता. पारडं त्याच्याकडे झुकलेलं होतं असं म्हणण्यात काहीच चूक नाही.

निकाल लागला ११-३. बाला रफिक शेख महाराष्ट्र केसरी!

हा आकडा जरा नीट वाचायला हवा. आठ गुणांचा फरक. दहाचा झाला असता तर पंचांनी शिट्टी मारून कुस्ती तिथेच थांबवली असती. म्हणजे कटके शेवटपर्यंत झुंजला, त्याने स्वतःला त्या रेषेपलीकडे जाऊ दिलं नाही, आणि तीन गुणही वसूल केले. पण अकरा गुण एखाद्या डावाने मिळत नाहीत. एक पट काढला, दोन गुण. पुन्हा एक, अजून दोन. बाहेर रेटलं, एक. अकरापर्यंत पोहोचायचं तर सहा मिनिटांत कितीतरी वेळा समोरच्यावर चढून जावं लागतं. एखादा डाव फसवून लागला आणि नशिबाने गदा हाती आली, असं या आकड्यापुढे कुणी म्हणू शकत नाही. मातीतून आलेल्या मल्लाने गादीच्या विजेत्याला गादीच्याच हिशेबाने, गादीच्याच घड्याळात हरवलं होतं. माती मंद करते, माती पोराला जागतिक कुस्तीसाठी बाद करते, असं जे गेली कित्येक वर्षं सांगितलं जात होतं त्याला हे उत्तर होतं. मातीने दम दिला, ताकद दिली, मान आणि कंबर दिली. गादीने त्यावर वेग चढवायचा. आंदळकरांनी जकार्तात जे केलं होतं तेच त्यांच्या पठ्ठ्याने जालन्यात केलं, आणि पाहायला वस्ताद नव्हते.

गदेविषयीही थोडं सांगायला हवं. ती सबंध चांदीची असते असा पुष्कळांचा समज आहे. आत सागवानी लाकूड असतं, त्यावर चांदीचा पत्रा चढवतात आणि पत्र्यावर कोरीव काम करतात. एका बाजूला मारुती, दुसऱ्या बाजूला मामासाहेब मोहोळांची प्रतिमा. वजन दहा-बारा किलोंच्या घरात. मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबीय ती दरवर्षी देतात, आणि हा क्रम ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. विजेता ती खांद्यावर घेतो, चाहते विजेत्याला खांद्यावर घेतात. मारुतीची ती गदा जालन्यात दोनदा उचलली गेली आणि दोन्ही वेळा ती सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेखाच्या खांद्यावर चढली. याचं मैदानातल्या माणसाला काही विशेष वाटत नाही आणि मला तेच विशेष वाटतं. तालमीत शिरताना मुन्नालालनेही त्याच तसबिरीसमोर माती कपाळाला लावली आणि बाला रफिकनेही त्याच आखाड्याच्या संस्कारात सलामी दिली. पहाटे हौदा उकरताना आडनाव विचारायला कुणाला वेळ नसतो. पुढे २०२३ साली मोहोळचा सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला. सोलापूर जिल्ह्यातल्या शेखांनी पाच किताब नेले, आणि त्यांतले दोन एकट्या जालन्यातून.

जालन्यातली ती कुस्ती महाराष्ट्राच्या कुस्तीसाठी कोणत्या सालात झाली, तेही लक्षात ठेवावं. त्याच २०१८ च्या एप्रिलमध्ये बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचं सुवर्ण घेतलं होतं. बिराजदार मामांच्या तालमीतला हा पठ्ठ्या. अंतिम फेरीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला त्याने १५-७ असं हरवलं. दुसऱ्या वर्षी कझाकस्तानात झालेल्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोंत कांस्य. म्हणजे लातूरचा वस्ताद, बीडचा मल्ल, पुण्याची तालीम आणि जगाची गादी. मराठवाड्यात माणूस कमी पडत नाही, कमी पडते ती गादी. आवारेला पाटोदा सोडून पुण्याला यावं लागलं. लातूरच्या काका पवारांनी तालीम उभी केली तीही पुण्यात. जालना, बीड, परभणी, हिंगोलीतला चांगला पोरगा वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी घरापासून तुटतो, कारण तालुक्याला पुऱ्या मापाची मॅट नाही, ती असली तर पावसाळ्यात झाकायला छप्पर नाही, आणि दोन्ही असलं तर शिकवायला माणूस नाही. आझाद मैदानावर पाच दिवस जी मॅट अंथरली होती तशी मॅट जालन्याच्या आठही तालुक्यांत कायमची अंथरलेली असावी, असं मला त्या स्पर्धेच्या वेळीही वाटलं होतं आणि आजही वाटतं. लोखंडाच्या भट्ट्यांच्या शहराला हे जड नाही.

गदेचं पुढे काय झालं? २०१९ च्या वर्षाची स्पर्धा जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीला झाली. जालन्याच्या अंतिम लढतीतले दोघेही या वेळी शेवटच्या कुस्तीपर्यंत पोहोचले नाहीत. तिथे उभे राहिले नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघेही काका पवारांच्याच तालमीतले. सदगीर ३-२ ने जिंकला आणि हरलेल्या मित्राला खांद्यावर घेऊन मैदानभर फिरला. मग करोनाने तालमी बंद पाडल्या. हौदे वाळले, जत्रा थांबल्या, इनामाच्या कुस्त्यांवर पोट असलेली पोरं शेतात आणि मजुरीला गेली. २०२२ च्या एप्रिलमध्ये साताऱ्याला पुन्हा केसरी लागली आणि कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने ती जिंकली. त्यानंतर कुस्ती संघटनेतच फूट पडली. राष्ट्रीय महासंघाने जुन्या परिषदेची मान्यता काढली, नवी संघटना आली, खटले झाले, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने एकाच वर्षात एकाहून अधिक महाराष्ट्र केसरी पाहिले. पैलवानांवर हा अन्यायच होता. बारा वर्षं घाम गाळून मिळवलेल्या किताबाला दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, तुमची केसरी कुठली, यांची की त्यांची. मामासाहेबांनी १९५३ साली सगळ्या तालमींना एका छपराखाली आणलं होतं. ते छप्पर पुन्हा एक करण्याची जबाबदारी आज ज्यांच्या हाती शिक्के आहेत त्यांची आहे. पैलवानांनी त्यांच्या वाट्याचं काम केव्हाच केलं आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. त्या सगळ्या गोंधळात एवढी एक गोष्ट निखळ आनंदाची.

आणि अभिजीत कटके? जालन्यात ११-३ ने हरल्यावर त्याने गादी सोडली नाही. बालेवाडीला पुन्हा हुकलं, तरी नाही. जानेवारी २०२३ मध्ये तो हिंदकेसरीला उतरला आणि अंतिम फेरीत हरियाणाच्या सोमवीरला एकही गुण न देता ५-० ने हरवून हिंदकेसरी झाला. १९६० साली आंदळकरांनी जिंकलेला किताब त्रेसष्ट वर्षांनी त्यांच्या पठ्ठ्याकडून हरलेल्या मल्लाकडे आला, आणि तो आला हैदराबादच्या मैदानात.